सिस्टरच्या गाडीतली शिट्टी

गाडीत स्टिरिओ बसवणारे पुष्कळ असतात. डॅशबोर्ड उचकटायचा, चार वायरी चार वायरींना जोडायच्या, वर टेप गुंडाळायची आणि गिऱ्हाइकाला एक दणदणीत गाणं वाजवून दाखवायचं, एवढंच काम असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी बसवलेले स्टिरिओ थोड्याच दिवसांत कानसेनच्या दुकानात येत. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण ते कुणी घेत नसे. शेजारच्या पंक्चरवाल्यापासून लांबच्या टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळे त्याला कानसेन म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई.

नाव त्याने कमावलेलं होतं. गाडी अजून वळणावर असायची आणि हा आतून सांगायचा, "मागचा डावा स्पीकर फाटलाय." गिऱ्हाईक गाडी लावून उतरतंय, तोवर याने त्या मापाचा स्पीकर फळीवरून काढलेलाही असे. काम संपवायची त्याची एक रीत होती. सगळं जोडून झालं की तो गाडीत एकटाच बसे. काचा वर, दारं बंद, इंजिन चालू, स्टिरिओ चालू पण आवाज शून्यावर. मग डोळे मिटून तो शांतता ऐके. गाणं कुठल्याही सेटवर बरं वाजतं, शांतता मात्र चांगल्या कामातच मिळते, असं त्याचं म्हणणं. शांतता पसंत पडली की बाहेर येऊन एकच शब्द बोले, "न्या." त्या शब्दापुढे कुणी काही बोलत नसे.

आता एवढं कौतुक केलं म्हणून तो मोठा गोड माणूस होता असं समजू नका. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. गिऱ्हाइकाने तक्रारीसाठी तोंड उघडलं की हा पक्कड खाली ठेवून अशा नजरेने बघायचा, की बिचारा आपण कशाला आलो होतो तेच विसरायचा. दुकानात काउंटरवर त्याची बायको बसे. तिला सगळे काकू म्हणत. गल्ला, फोन आणि नवऱ्याने दुखावलेल्या गिऱ्हाइकांची समजूत, ही तीन खाती तिच्याकडे होती, आणि तिसऱ्या खात्याचं काम सगळ्यांत जास्त होतं.

त्या सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात एक छोटी पांढरी गाडी दारात येऊन उभी राहिली आणि कानसेनच्या कपाळाला आठी पडली. गाडी सिस्टरची होती. ती हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात नर्स होती आणि रात्रपाळी संपवून थेट आली होती. अंगावर अजून कामाचेच कपडे, डोळे तांबारलेले. तिच्या गाडीत नवा स्टिरिओ, सीटखाली ॲम्प्लिफायर आणि दारांमध्ये स्पीकर, असं सगळं कानसेनने स्वतःच्या हाताने बसवलं होतं. त्यानंतर ही तिची तिसरी फेरी.

पहिल्या फेरीला तिने सांगितलं होतं, की गाडी पळायला लागली की शिट्टीसारखा बारीक आवाज येतो आणि वेग वाढला की तोही वर चढतो. कानसेन म्हणाला होता, नवीन आहे, बसेल. दुसऱ्या फेरीला तो रीतीप्रमाणे दारं लावून बसला, डोळे मिटले, बाहेर आला आणि म्हणाला, "न्या." ती गाडी घेऊन गेली होती, पण पटून गेली नव्हती, हे काकूच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"काका," सिस्टर आज म्हणाली, "हे सगळं काढून टाका. माझा जुना रेडिओ असेल तर तो लावा, नसेल तर भोक तसंच राहू द्या."

बसवलेलं काम काढा, असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. क्षणभर त्याला कळेचना, की ही बाई आपल्याशीच बोलतेय.

"काढा म्हणजे?"

"मी रात्रभर मशिनांची टींटीं ऐकते. त्यातली खरी कुठली आणि उगाचची कुठली, हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. घरी जाताना वाटेत एखादं गाणं शांतपणे ऐकायचं, एवढीच माझी चैन. त्यातही ही शिट्टी असेल तर नको मला."

"सिस्टर, राग मानू नका, पण तुमचे कान वाजतायत. जागरणाने होतं असं."

"माझे कान वाजत नाहीत," ती अजिबात न चिडता म्हणाली. "आणि मी इथून हलणारही नाही." तिने गाडीची किल्ली बॉनेटवर ठेवली आणि हाताची घडी घातली.

कानसेन किल्ली उचलून तणतणत गाडीत बसला. दार आपटलं, इंजिन सुरू केलं, ॲक्सिलरेटरचं पेडल दाबलं. इंजिनाची घरघर होती. शेजारी पंक्चरवाल्याचा हवा भरायचा पंप धडधडत होता. बाकी काही नव्हतं. सगळं स्वच्छ होतं. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून तिला बोलावलं. "या, तुम्हीच बसा इथे आणि दाखवा कुठे आहे ते."

तो शेजारच्या सीटवर सरकला आणि ती स्टिअरिंगसमोर बसली. गिअर काढलेलाच होता. ती पेडल हळूहळू दाबत गेली. "हा सुरू झाला. हा वाढला. आता अगदी बारीक झालाय, पण आहे." बोलताना तिचं बोट हवेत वर वर चाललं होतं. कानसेनला वाटलं, पाय दाबतेय म्हणून बोट वर नेतेय, दुसरं काय.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि काकू आत येऊन बसली. काकू कधी गाड्यांपाशी यायची नाही. गाड्या त्याच्या, काउंटर तिचं, ही वाटणी दुकान सुरू झाल्यापासूनची होती. तिने दार लावून घेतलं, पदर सावरला आणि थोडा वेळ गप्प बसली.

"येतोय," ती म्हणाली.

"काय येतोय?"

"आवाज. सिस्टर म्हणतायत तोच."

दोघी ठरवून बोलत नव्हत्या, हे त्याला कळत होतं. पण त्याचा जन्म बिघाड शोधण्यात गेला होता आणि पुराव्याशिवाय मान डोलवायची त्याला सवयच नव्हती. तो खाली उतरला, मागचं दार उघडून सीटपाशी ओणवा झाला आणि त्याने ॲम्प्लिफायरच्या वायरीतला फ्यूज चिमटीत धरला. "दोघींनी डोळे मिटा. सिस्टर, पाय तसाच दाबून ठेवा. आवाज असला की हात वर, गेला की खाली. एकमेकींना विचारायचं नाही."

त्याने फ्यूज काढला. दोन्ही हात खाली आले. फ्यूज लावला. दोन्ही हात वर गेले. मग त्याने फसवायला सुरुवात केली. काढल्यासारखं केलं आणि काढला नाही, पटकन काढला आणि उशिरा लावला, नुसतीच चुटकी वाजवली. दोन्ही हात प्रत्येक वेळी अगदी बरोबर वर-खाली होत राहिले. पंक्चरवाला हातात ट्यूब घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि या दोघी गाडीत बसून सकाळी सकाळी कसला व्यायाम करतायत ते बघू लागला.

"आता माझी पाळी," कानसेन म्हणाला.

तो स्टिअरिंगसमोर बसला, पेडल दाबलं, डोळे मिटले. सिस्टर मागे फ्यूजपाशी गेली. तो सगळा जीव कानांत गोळा करून ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने त्याला वाटलं, काहीतरी आहे, आहे, नक्की आहे. त्याने हात वर केला आणि तसाच वर धरून ठेवला. मग डोळे उघडून त्याने मागे वळून पाहिलं. सिस्टरच्या तळहातावर फ्यूज होता. तो तिने केव्हाच काढून घेतला होता.

कानसेन गाडीतून उतरला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत निघून गेला.

तिथे जुन्या सेटांची रास होती आणि कोपऱ्यात एक बेसिन होतं. हात काही घाण झाले नव्हते, तरी तो ते साबण लावून धूत राहिला. मागून काकू येऊन उभी राहिली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्याने तोंड न वळवता विचारलं.

"मागच्या थंडीपासून. कपड्यांचं मशीन काम संपवून ओरडत होतं आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसून पेपर वाचत होता. मी म्हटलं, अहो, बंद करा ते. तुम्ही म्हणालात, वाजलंच कुठे, त्याचा बझर गेलाय. आणि दुसऱ्या दिवशी मशीन उघडून बसलात."

त्याला आठवलं. त्याने नवा बझर आणून बसवला होता, आणि तोही मुका निघाला म्हणून दुकानदाराशी तावातावाने भांडूनही आला होता. त्या दुकानदाराने आपल्याकडे असं विचित्र का पाहिलं, ते त्याला आता कळलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, मधे बोलू नकोस."

त्याने नळ बंद केला. कान कशाने गेले, हेही त्याला कुणी सांगायला नको होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वूफरसमोर डोकं घालून बसायचं आणि वर पोरासोरांना शहाणपणा शिकवायचा, की एवढा मोठा आवाज लावू नका रे, कान जातील. मोठे आवाज त्याला अजून ऐकू येत होते, माणसांचं बोलणं येत होतं. गेलं होतं ते वरचं, बारीक, नाजूक. आणि त्याच्या धंद्यात नेमकं तेच लागायचं.

"कान गेले तर या दुकानात माझं काय काम?" तो म्हणाला. "पाटी उतरवतो. घरी बसून मशीनचे बझर बदलतो."

"मला काय विचारता?" काकू म्हणाली. "बाहेर बाई ताटकळलीय. आधी तिचं बघा."

तिने चार शब्द गोड बोलून समजूत घातली असती तर तो कदाचित खरोखरच घरी गेला असता. पण तिच्या त्या कोरड्या बोलण्याने त्याला चेव आला. त्याने हात पुसले आणि बाहेर येऊन सिस्टरसमोर उभा राहिला.

"तुमचं बरोबर आहे. शिट्टी आहे. मला ऐकू येत नाही, पण आहे. आता ती मी आज काढणार. नाही निघाली, तर उद्यापासून हे शटर उघडणार नाही."

"इतकं कशाला, काका," सिस्टर जरा ओशाळून म्हणाली.

"तुमच्यासाठी नाही बोललो," तो म्हणाला. खरंच तो तिच्यासाठी बोलला नव्हता.

घरी जाऊन झोपा म्हटलं, तर ती जाईना. दुकानात गिऱ्हाइकांसाठी जुन्या गाडीची मागची सीट भिंतीला लावून ठेवलेली होती. तिच्यावर ती आडवी झाली आणि बघता बघता गाढ झोपली. आयुष्यभर गोंगाटात झोपायची सवय असणार.

"चल, बस गाडीत," कानसेन बायकोला म्हणाला. "तुझे कान आणि माझे हात."

"आणि काउंटर?"

"बसू दे मोकळं."

आधी अवघड जागा सोडून सोपी जागा बघायची, हा त्याचा नियम. गाडीतले असले आवाज बहुतेक अर्थच्या वायरीतून येतात. अर्थची वायर म्हणजे वीज परत जायची वाट. ती गाडीच्या पत्र्याला घट्ट बसलेली नसेल तर वीज दुसरी वाट शोधते आणि येताना डायनामोची कुरकुर बरोबर घेऊन येते. त्याने ॲम्प्लिफायरच्या अर्थचा बोल्ट काढला, पत्र्यावरचा रंग खरवडून लखलखीत केला, नवा बोल्ट पिळला. पेडल दाबलं आणि बायकोकडे पाहिलं.

"तसाच," काकू म्हणाली.

त्याने आरसीए वायर बघितली. पुढच्या सेटमधून मागच्या ॲम्प्लिफायरपर्यंत गाणं पोचवणारी ही वायर. तिला दोन्ही टोकांना लाल-पांढऱ्या पिना असतात. मधल्या टोकातून गाणं जातं आणि बाहेरच्या कड्यातून अर्थ. ती बॅटरीच्या जाड वायरीजवळून गेली असेल तर तिचा आवाज उचलते. त्याने कोरी वायर काढली आणि सीटांवरून, हवेतून, सगळ्यांपासून लांब अशी पुढून मागे टाकली.

"तसाच."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. लांब कुणाच्या तरी घरात मिक्सर लागलाय, तसा. तुम्ही पेडल सोडलं की मिक्सर हळू होतो."

ती चुकतेय, असं म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकासमोर आपण एक वाक्य असं गिळलं नाही, हेही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि ते काही त्याला आवडलं नाही.

फळीवर फिल्टर होते. छोटी डबी मधे जोडली की शिट्टी बरीचशी दबते, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्याचा हात त्या फळीपर्यंत गेला आणि परत आला. फिल्टर म्हणजे दुखणं तसंच ठेवून वर चादर घालणं. तसं करायचं तर खरंच शटर ओढलेलं बरं.

मग त्याने आवाजाचं बटण फिरवून पाहिलं. शून्यावर तसाच, अर्ध्यावर तसाच, असं काकूने सांगितलं. म्हणजे कुरकुर आवाजाच्या बटणानंतर कुठेतरी घुसत होती. त्याने ॲम्प्लिफायरच्या पिना उपसल्या. काकूने मान हलवली, "गेला." म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष. स्वतःचा मोबाइल त्याने त्याच पिनांना जोडला आणि गाणं लावून थांबवलं. "नाही, आवाज नाही." म्हणजे मागची बाजू सगळी चोख. राहिला एकटा सेट. त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. बिघाड कुठल्या खोलीत आहे ते कळलं होतं, आता फक्त तो कुठल्या कोपऱ्यात बसलाय ते बघायचं होतं.

डॅशबोर्ड उघडून त्याने सेट बाहेर ओढला, मांडीवर घेतला आणि मीटर काढला. एक काडी सेटच्या पत्र्याला लावली, दुसरी पिनेच्या बाहेरच्या कड्याला. दोन्ही आतून जोडलेली असतात, त्यामुळे मीटरने पीं करायला हवं. तसं मीटर कायम करायचा, पण अलीकडे करत नसे. मीटर मुका झाला म्हणून त्याने दुसरा घेतला होता, आणि तोही मुकाच निघाल्यावर हल्लीचा माल कसा भिकार असतो यावर पंक्चरवाल्याला लांबलचक व्याख्यान दिलं होतं. त्याने दोन्ही काड्या एकमेकींना टेकवल्या आणि बायकोकडे पाहिलं.

"वाजतोय," ती म्हणाली. "चांगला वाजतोय."

"बरं," तो म्हणाला. पुन्हा त्याने काडी कड्याला लावली. "आता?"

"नाही वाजत."

त्याने आकड्याकडे पाहिलं. आकडा आलाच नव्हता. दुसरं कडं बघितलं, तिथेही तेच. फळीवरून तसाच एक कोरा सेट काढून त्याला काड्या लावल्या. आकडा आला आणि काकू म्हणाली, "हा वाजला." कानसेनने दोन्ही सेट शेजारी शेजारी ठेवले आणि तो त्यांच्याकडे बघत बसला.

सेटच्या आत त्या कड्यापासून पत्र्यापर्यंत केसासारखी बारीक तांब्याची रेघ असते. ती जळली होती. ती जळली की गाणं थांबत नाही, फक्त त्याची अर्थची वाट बदलते, आणि मग शिट्टी सुरू होते. ती जळते एकाच कारणाने. सगळं चालू ठेवून, वीज बंद न करता कुणी पिन आत सारली तर. खोक्यातल्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आधी बॅटरी सोडवा. कानसेनने तो कागद कधी वाचला नव्हता. सगळं चालू असताना तो पिन लावायचा, स्पीकरमध्ये 'थप्प' असा आवाज यायचा, आणि त्या थप्पवरून तो सांगायचा, जोड पक्का आहे. बघायला जमलेल्या लोकांना ती थप्प फार आवडायची. त्यालाही आवडायची.

पूर्वीही त्या थप्पमध्ये अधूनमधून एखाद्या सेटची रेघ जळायची. पण मग दारं लावून ऐकताना ती शिट्टी लगेच कानावर यायची, तो दुसरा सेट बसवायचा आणि पहिल्याच्या कंपनीला शिव्या घालायचा. आपल्याच हाताने केलेला बिघाड आपल्याच कानाने पकडायचा आणि दोष तिसऱ्याला द्यायचा, असं इतकी वर्षं चाललं होतं. कान गेल्यावर फक्त पकडणं थांबलं, करणं चालूच राहिलं.

"ही मी जाळली," तो मोठ्याने म्हणाला.

"काय?" काकूने विचारलं.

"काही नाही. आधी बॅटरी सोडवतो."

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने कागदात सांगितल्याप्रमाणे आधी बॅटरी सोडवली. तांब्याची एक तार दोन्ही कड्यांना घट्ट गुंडाळली, तिचं दुसरं टोक सेटच्या पत्र्यावर नेलं, रंग खरवडला, दोन्हीकडे कथील धरून डाग दिला. डाग थंड होईपर्यंत त्याने फुंकर घातली नाही, वाट पाहिली. मीटर लावला, आकडा आला. सेट जागेवर गेला, बॅटरी जोडली. गाडीचे दिवे लावले, पंखा लावला, डायनामोवर जेवढं ओझं टाकता येईल तेवढं टाकलं आणि पेडल दाबलं.

काकू काही बोलली नाही. त्याने आणखी दाबलं. ती अजूनही गप्प होती, आणि तिच्या गप्प बसण्याचा अर्थ काय लावायचा ते त्याला कळेना. त्याला भीती वाटली. एवढी भीती त्याला फार दिवसांत वाटली नव्हती.

"अगं, बोल की."

"काय बोलू? मिक्सर बंद झालाय."

सिस्टरला उठवलं. ती डोळे चोळत गाडी घेऊन गेली आणि बराच वेळ आली नाही. कानसेन रस्त्याकडे बघत उभा होता. ती परत आली तेव्हा काच खाली होती आणि आत गाणं हळू आवाजात चालू होतं. तिने गाणं थांबवलं, इंजिन चालूच ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली.

"आता मला झोप येईल," ती म्हणाली.

"सिस्टर, चूक माझीच होती. सेट चांगला होता, तो मी बिघडवला. आणि वर तुम्हाला म्हणालो कान वाजतायत."

"कानाच्या डॉक्टरांना दाखवा, काका. मशीन लावलं की पुष्कळसं परत येतं. सगळं येणार नाही, खोटं कशाला सांगू."

"दाखवतो."

"याच आठवड्यात," असं तिने काकूकडे बघून सांगितलं आणि ती गेली. नर्सबाईला आपली गोळी कुणाच्या हातात द्यायची ते बरोबर कळतं.

शटर उद्याही उघडणार, हे आता ठरल्यासारखंच होतं. काकू काउंटरकडे वळली. पण कानसेन तिथेच उभा राहिला. त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"मागच्या थंडीपासून," तो म्हणाला, "अशी तक्रार घेऊन आणखी कोण कोण आलं होतं?"

काकूने त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळे आठवत होते. समजूत घालायचं खातं तिचंच होतं. "बेकरीची व्हॅन. ती गाडी शिकवणारी बाई. मास्तर."

"त्यांना मी काय म्हणालो?"

"न्या, म्हणालात."

"फोन लाव."

"कुणाला?"

"सगळ्यांना. आधी मास्तरांना लाव."

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक गणिताचे शिक्षक. त्यांच्या जुन्या गाडीत कानसेननेच स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर बसवला होता. काकूने फोन लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइल काउंटरवर दोघांच्या मधे ठेवला. मास्तरांनी उचलला. कानसेनने इकडचं तिकडचं काही न बोलता थेट विचारलं, "मास्तर, तुमच्या गाडीतली ती शिट्टी. अजून येते का?"

पलीकडून मास्तरांचा आवाज आला, पण इतका हळू, की कानसेनला त्यातलं निम्मंही कळलं नाही. त्याने बायकोकडे पाहिलं.

"ते म्हणतायत, गाडीत गाणं लावणं सोडून दिलंय," काकू सांगू लागली. "म्हणतायत, तुम्ही आवाज नाही म्हणालात, तेव्हा त्यांना वाटलं आपलेच कान बिघडले. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत." ती थांबली, पुन्हा ऐकू लागली. तिचा चेहरा बदलला.

"पुढे काय म्हणाले?"

"म्हणतायत, कानसेन म्हणतात आवाज नाही, डॉक्टर म्हणतात कान चांगले, म्हणजे मग हे डोक्यातच काहीतरी असणार. त्यांचा मोठा भाऊ असाच वेड लागून गेला होता, नसलेले आवाज ऐकू येत येत. म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही."

कानसेनने काउंटरच्या कडेला हात टेकला. आपण एका शब्दात एका माणसाला कुठे नेऊन सोडलं होतं, ते त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि त्यापासून तोंड फिरवायला जागा नव्हती. त्याने मोबाइल उचलून तोंडाजवळ धरला.

"मास्तर, नीट ऐका. तुमचं डोकं ठीक आहे. तुमचे कानही ठीक आहेत. शिट्टी खरी आहे, ती मी केलेली आहे, आणि मला ती ऐकू आली नाही, कारण माझे कान गेलेत. कळलं का? माझे. गाडी घेऊन या. आत्ताच या."

पलीकडून मास्तर काहीतरी म्हणाले. कानसेनने बायकोकडे पाहिलं.

"ते म्हणतायत, पुन्हा एकदा सांगा," काकू म्हणाली. "त्यांनी बायकोला फोनजवळ बोलावलंय."

त्याने पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. पंक्चरवाला दारात येऊन ऐकत होता, त्याच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. सांगून झाल्यावर त्याने मोबाइल बायकोच्या हातात दिला.

"लाव पुढचा."